‘ल’, ‘ला’, ‘ले’: फ्रेंच कर्म-सर्वनामांची कुळकथा

गिरगाव-दादरच्या मराठी घरांतून निघून धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात किंवा न्यू मरीन लाइन्सवरील आलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच शिकू लागलेला विद्यार्थी क्रियापदांची रूपे पाठ करून स्थिरावतो न स्थिरावतो, तोच ‘ल’, ‘ला’ आणि ‘ले’ ही इवलीशी कर्मवाचक सर्वनामे त्याच्यापुढे उभी राहतात. आणि ती बहुधा इंग्रजीच्या द्वारे समजावली जात असल्यामुळे, ज्या भाषेपाशी या प्रकरणाची निम्मी किल्ली आहे ती त्याची मातृभाषा वर्गाबाहेर तिष्ठत राहते. या सर्वनामांचे कूळ शोधू गेल्यास मराठी माणसाला त्यांत परके असे फार थोडे आढळेल, अशी माझी खात्री आहे.

लॅटिनमध्ये दूरच्या वस्तूचा निर्देश करणारे ‘इल्ले’ हे दर्शक सर्वनाम होते. त्याची द्वितीयेची रूपे पुल्लिंगी ‘इल्लुम’, स्त्रीलिंगी ‘इल्लाम’, अनेकवचनी ‘इल्लोस’ व ‘इल्लास’. बोलण्यात त्यांवरचा आघात गेला, तसतसे आरंभीचे अक्षर झिजले आणि ‘ल’, ‘ला’, ‘ले’ एवढाच ऐवज शिल्लक राहिला. नामापूर्वी लागणारी फ्रेंच उपपदेही याच ‘इल्ले’ची संतती होत, तेव्हा दोहोंच्या रूपांतले साम्य योगायोगाचे नव्हे. इ. स. ८४२ च्या फेब्रुवारीत शार्लमेनच्या दोन नातवांनी आपापल्या सैन्यासमक्ष स्ट्रासबुर्ग येथे घेतलेल्या शपथा हा फ्रेंचचा सर्वांत जुना उपलब्ध दस्तऐवज मानला जातो. त्यात आपल्या धन्याला परावृत्त करता न आल्यास काय करावयाचे, या सैनिकांच्या कलमात ‘त्याला’ या अर्थी केवळ एक ‘ल्’ उरलेला दिसतो.

इतके निर्बळ झालेले अक्षर स्वतःच्या बळावर उभे राहणे शक्य नव्हते. जुन्या फ्रेंचमध्ये वाक्याच्या अगदी आरंभी येण्याची त्याला मुभा नसे, म्हणून प्रसंगी ते क्रियापदानंतर जाऊन बसे. पुढे क्रियापदापूर्वीची जागा त्याच्या नावे कायम झाली, तरी होकारार्थी आज्ञेत ते आजही क्रियापदानंतरच येते.

परंतु या कुळाचा खरा वारसा भूतकाळात आहे. ‘मी खिडकी उघडली’ याऐवजी ‘उघडलेली खिडकी मजजवळ आहे’ अशा धाटणीची रचना लॅटिन बोलणारे करू लागले, आणि तीतून फ्रेंचचा संयुक्त भूतकाळ निपजला. ‘उघडलेली’ हे विशेषण असल्याने ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे फिरणे ओघानेच आले. कालांतराने कर्म नंतर आल्यास हे फिरणे सुटले, आधी आल्यास राहिले. क्लेमाँ मारो या कवीने १५३८ साली शिष्यांना उद्देशून लिहिलेल्या पद्यात इटालियनचा दाखला देऊन हाच नियम घालून दिला. फ्रान्सच्या शिक्षणखात्याने १९०० मध्ये परीक्षार्थींना यातून सूट देणारा हुकूम काढला, पण फ्रेंच अकादमीच्या विरोधामुळे १९०१ च्या दुरुस्त हुकुमात ती सूट बरीच आखडली गेली.

आता फळ्यावर दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहून पाहावीत. खिडकीविषयी फ्रेंच माणूस ‘ज ले ऊव्हेर्त’ म्हणतो, खणाविषयी ‘ज ले ऊव्हेर’. स्वरापूर्वी सर्वनामाचे लिंग लोपले आहे, दोन्हीकडे नुसता ‘ल्’ आहे. तरी वाक्याच्या शेवटी ‘त’ ऐकू येतो की नाही, यावरून खिडकी की खण याचा निवाडा होतो. आपण काय म्हणतो? ‘मी ती उघडली’, ‘मी तो उघडला’. ही रचना आपल्याकडे फ्रेंचांकडून आलेली नाही. संस्कृतातली क्त-प्रत्ययान्त विशेषणे, ‘मया पत्रिका लिखिता’ यासारखी, प्राकृतातून ‘ल’कार घेऊन मराठीत उतरली आणि या रचनेलाच आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. मुंबईतच १८१४ साली जन्मलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध करून मराठी मुलांना या विचाराची वाट मोकळी केली, तर मराठीची जडणघडण शोधण्याचे मोठे काम झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानेच केले. त्याचा १९१४ चा प्रबंध १९२० मध्ये पॅरिसला छापला गेला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. दोन घराण्यांची अशी सोयरीक असता आमच्या मुलांनी हा नियम इंग्रजीच्या मध्यस्थीने घोकावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अडचण येते ती आपल्या ‘ला’ प्रत्ययाची. द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्त्यांचा कारभार तो एकटाच पाहतो, त्यामुळे ‘तिला पाहिले’ आणि ‘तिला सांगितले’ यांत विद्यार्थ्याला भेद दिसत नाही. फ्रेंचला मात्र पहिल्या ठिकाणी ‘ल्’ हवा आणि दुसऱ्या ठिकाणी ‘लुई’. शिवाय ‘तिला पाहिले’ हा भावे प्रयोग असल्याने क्रियापद नपुंसकलिंगी राहते, आणि फ्रेंच लिहिताना शेवटी लागणारा, कानाला न ऐकू येणारा स्त्रीलिंगी ‘ए’ हमखास निसटतो. अशा वेळी ‘ला’ काढून ‘मी ती पाहिली’ असे मनाशी म्हणावे. वाक्य उभे राहिले तर कर्म प्रत्यक्ष आहे आणि ‘ए’ लावायचा आहे. ‘मी ती सांगितली’ म्हणताच ‘ती’ म्हणजे माणूस न राहता सांगितलेली गोष्ट होते, तेव्हा तिथे ‘लुई’. ‘मदत करणे’ यासारख्या क्रियापदांवर ही कसोटी फसते, कारण मराठीत मदत हीच कर्म होऊन बसते आणि फ्रेंचमध्ये ज्याला मदत केली तो. असे अपवाद वहीच्या समासात टिपून ठेवावेत.