आधी कोणते औषध?

कातडीच्या कर्करोगांत मेलॅनोमा हा सर्वांत दांडगा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी बिघडतात आणि रोग फुप्फुसात, यकृतात, मेंदूतही जाऊन बसतो. अमेरिकेत १९७५ पासून त्यावर डकार्बाझिन देत. पण रोग असा पसरला, की बहुतेक रोगी वर्षाच्या आतच जात.

२००२ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेने शोध लावला, की या रोगात ‘बीरॅफ’ नावाचा जनुक पुष्कळदा बिघडलेला असतो. सुमारे निम्म्या रोग्यांत हे आढळते. मग नेमके त्यावरच औषध का काढू नये? २०११ मध्ये वेमुराफेनिबच्या गोळ्या आल्या. गाठी विरघळू लागल्या. पण सहा-सात महिन्यांत पुष्कळांचा रोग उलटला. आता पहा, पाटाला बांध घातला तर पाणी बाजूने वाट काढतेच. तसे इथे झाले. बीरॅफचा हुकूम पुढे ‘मेक’ नावाच्या प्रथिनाकडे जातो. पेशींनी तिथवर आडवाट शोधली. म्हणून दुसरा बांध मेकवर घातला. डाब्राफेनिब व ट्रामेटिनिब या जोडीला अमेरिकेने जानेवारी २०१४ मध्ये मान्यता दिली. जोडीवरचे सुमारे एक तृतीयांश रोगी पाच वर्षांनंतरही हयात होते. नवल असे, की एकट्या गोळीने कातडीवर दुसऱ्याच गाठी उठत, त्याही जोडीने कमी झाल्या!

दरम्यान दुसरी वाट निघाली होती. शरीराच्या पहारेकऱ्यांना आवरणारा लगाम सैल करणारे इपिलिमुमॅब २०११ मध्येच आले. त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन यांना २०१८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मग वेमुराफेनिब आणि हे, दोन्ही एकदम दिले तर? दिले, पण रोग्यांच्या यकृताला इजा होऊ लागली आणि तो प्रयोग थांबवावा लागला. दोन चांगले बैल एका जुवाला जुंपले म्हणजे औत नीट चालतेच असे नाही.

तेव्हा प्रश्न उरला क्रमाचा, आणि माझ्या मते हाच खरा मोलाचा. अमेरिकेत बीरॅफ बिघडलेल्या २६५ रोग्यांचे दोन गट केले. एकाला आधी गोळ्यांची जोडी, दुसऱ्याला आधी निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब. रोग वाढला की अदलाबदल. पहिले काही महिने गोळ्यांचा गट पुढे होता. पण दोन वर्षांनी पाहिले तर आधी पहारेकरी मोकळे केलेल्या गटात ७२ टक्के हयात, आधी गोळ्या घेतलेल्यांत ५२. हे २०२१ मध्ये जाहीर झाले.

आपल्याकडे हा रोग विरळा. होतो तेव्हा पुष्कळदा तळपायाला होतो, आणि लोक त्याला काट्याची जखम समजतात. त्या प्रकारात बीरॅफचा बिघाड बराच कमी आढळतो; म्हणून तिथे या गोळ्या थोड्यांनाच लागू पडतात.