निरोप मध्येच का तुटला?

भाईंदरहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकले की डोंगरी लागते. तिथल्या चार महाविद्यालयीन मुलांनी प्रकल्प म्हणून संगणकावर गप्पा मारण्याचा प्रोग्राम लिहिला आणि अडचण घेऊन ती आमच्याकडे आली. इंग्रजी निरोप बिनचूक पोचे. मराठी निरोप लांबला, की मध्येच एखाद्या अक्षराच्या जागी चौकट दिसे, तीही कधी दिसे, कधी नाही. मुलांचा संशय फॉन्टवर होता. आम्ही मात्र त्यांना जुन्या गोष्टीत नेले.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकव्यवस्था शिकवण्यासाठी उभारली होती. तिच्यावर १९७३ साली डग ब्राऊन आणि डेव्हिड वूली यांनी 'टॉकोमॅटिक' रचले. पडद्याचे आडवे भाग, एका गटात पाच जण आणि प्रत्येक अक्षर टाइप होताक्षणी सर्वांना दिसणार! खोडाखोडसुद्धा चारचौघांत. (फळ्यावर लिहिणाऱ्या आपल्याला याचे काय नवल?) त्याच वर्षी वूलीने 'नोट्स' ही नोंदींची व्यवस्था लिहिली, तेव्हा तो १७ वर्षांचा होता.

पुढे ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन या विद्यार्थ्याने 'आयआरसी' लिहिले. उन्हाळ्यात विभागाचा संगणक सांभाळण्याचे काम त्याच्याकडे होते. इथे अक्षर नव्हे, अख्खी ओळ एकदम जाई. मे १९९३ च्या नियमपत्रात एका निरोपाला ५१२ बाइटची मर्यादा घातलेली आहे. गंमत म्हणजे त्यात महिरपी कंस हे चौकटी कंसांचे 'लहान रूप' मानले आहेत, कारण फिनलंडमध्ये त्याच संकेतांवर ä, å ही अक्षरे बसवली होती. करणाऱ्याची भाषा यंत्रात अशी शिरते.

आपली भाषा शिरली ती वेगळ्या वाटेने. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात देवनागरीच्या एका चिन्हाला एक बाइट पुरे. त्याच वर्षी युनिकोडमध्ये देवनागरी आली, तीही इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या मांडणीवरून. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी 'यूटीएफ-८' ही पद्धत काढली. तिच्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला ३. 'निरोप' या शब्दात न, वेलांटी, र, ओकार आणि प अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट.

मुलांचा प्रोग्राम १०२४ बाइटपर्यंतचा तुकडा घेई आणि लगेच त्याची अक्षरे करी. १०२४ ला ३ ने भागून पाहा! बाकी १ उरते. शिवाय मोकळी जागा एका बाइटची, आणि जाळ्यातून तुकडे येतात तेही लहानमोठे. त्यामुळे कधी काप दोन चिन्हांच्या मधे पडे, कधी चिन्हाच्या पोटात.

तेव्हा ओळ संपेपर्यंत बाइट नुसते साठवायचे, अक्षरे नंतर करायची. ओळ संपल्याची खूण यूटीएफ-८ मध्ये दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात येत नाही, म्हणून हे निर्धास्त जमते. दुरुस्ती सहा ओळींची झाली. मग एकाने पानभर मराठी निरोप धाडला. तो ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट जसाच्या तसा पोचला.