मूळचं गाव

सांगली स्टँडवरून साताऱ्याची एसटी निघाली तेव्हा माझ्या शेजारी साठीपुढचे एक गृहस्थ येऊन बसले. डोक्यावर टोपी, मांडीवर कापडी पिशवी. आष्टा मागे पडलं तसं त्यांनी विचारलं, “गाव कुठलं म्हणायचं?”

“सांगली.”

“नाव?”

मी नाव सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, “आसं व्हय. पण मूळचं गाव कुठलं?”

मराठी मुसलमानाला हा ‘पण’ चांगला ओळखीचा असतो. नावाच्या आधी विचारलेलं गाव वेगळं आणि नावानंतर विचारलेलं गाव वेगळं. आपल्या मराठीत ‘चौकशी’ हा एकच शब्द दोन कामांना वापरतात. शेजारीण बाळंतिणीची चौकशी करते, आणि पोलीसही चौकशी करतात. त्या गृहस्थांची चौकशी यातली कुठली होती, हे मला कळेना. तरुणपणी असा प्रश्न आला की मी खिडकीबाहेर बघायला लागायचो. त्या दिवशी मात्र अब्बांची आठवण झाली, कारण याच रस्त्यावर त्यांनी आयुष्यभर लोकांना नेमकं हेच विचारलं होतं.

अब्बा एसटीत कंडक्टर होते. मिरज, सांगली, कराड, सातारा एवढीच त्यांची दुनिया. हजला जायचं राहिलं, मुंबईही दोनदाच पाहिली. पण त्यांच्याइतका मुसाफिर माणूस मी पाहिला नाही. तिकिटं फाडून झाली की ते कुणाच्या तरी बोचक्याकडे, पाटीकडे, कोंबडीकडे बोट दाखवून विचारत, “हे कुठनं आणलं?” घरी आल्यावर हाच प्रश्न दखनीत यायचा. अम्मीनं बाजारातून काही आणलं की, “कां से आया ये?” एका जाड वहीत ते रात्री नोंदी करत. कुणाची मुलगी कुठल्या गावाला दिली, कुठल्या गावात कुठलं बी पेरतात, अमुक शब्द तमुक गावात कसा म्हणतात. आम्हा भावंडांना त्या वहीचं हसू यायचं.

त्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःची नोंद केली होती. त्यांचा जन्म तासगाव तालुक्यातला. जन्माच्या वेळी जिल्हा सातारा. १९४९ साली साताऱ्याचे दोन जिल्हे झाले, म्हणून शाळेच्या दाखल्यावर जिल्हा दक्षिण सातारा. १९६० साली त्याचं नाव बदललं, म्हणून पेन्शनच्या कागदावर जिल्हा सांगली. खाली एक वाक्य होतं: घर हललं नाही, जिल्हा दोनदा बदलला.

चौथीत असताना मी अब्बांना विचारलं होतं, “सतार साताऱ्यात बनते का?” किल्ल्याला सतरा तट किंवा सतरा बुरूज होते म्हणून सातारा, असं गुरुजींनी सांगितलं होतं आणि माझ्या डोक्यात सतरा, सतार, सातारा यांचा गुंता झाला होता. अब्बांना उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणी ‘गप बस’ म्हटलं असतं. त्यांनी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मला मिरजेला नेलं.

मिरजेतल्या सतारमेकरांच्या गल्लीत मी पहिल्यांदा वाद्याला पोटातून पाहिलं. दारात मोठमोठे वाळलेले भोपळे एकावर एक रचून ठेवलेले. अब्बांचा पहिला प्रश्न ठरलेला, “हे कुठनं आणलं?” भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, भीमेच्या काठचे. लाकूड तून नावाच्या झाडाचं, लांबच्या जंगलातून येणारं. ‘सतार’ हा शब्द फारसी, ‘सेह-तार’ म्हणजे तीन तारा, असं जाणकार सांगतात. आणि बनवणारे हात शिकलगारांचे. ‘सैकल’ म्हणजे धातूला चकाकी आणणं. तलवारी, भाले, बर्च्या यांना धार लावणं, पाणी देणं हा या लोकांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अमलात फौजा मोडल्या, तलवारी भिंतीवर गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेच्या पटवर्धनांच्या संस्थानात गवय्यांची ये-जा होती आणि त्यांची वाद्यं दुरुस्त करणारं जवळपास कुणी नव्हतं. तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी हे काम हातात घेतलं. आधी दुरुस्ती, मग नवं वाद्य. धार लावणाऱ्या हातांनी सुराची जवारी लावायला शिकायचं, यासाठी किती भोपळे फोडून पाहिले असतील! त्या गल्लीतली वाद्यं पुढे देशभरातल्या मैफलींत गेली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे भोपळा भीमेचा, लाकूड परमुलखाचं, नाव फारसी, कारागिरी शिकलगारांची, आणि सरकारी शिक्का सांगतो की ही वस्तू मूळची मिरजेची. शिक्का खोटा नाही. मूळ असंच तयार होतं.

याच मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. खाँसाहेब १८७२ साली उत्तरेत मुजफ्फरनगरजवळच्या कैराना गावी जन्मले. किराणा घराणं हे नाव त्या गावावरून पडलं. बडोद्याच्या दरबारात राहिले, पुण्यात १९१३ साली आर्य संगीत विद्यालय काढलं आणि शेवटी मिरजेचे झाले. माझ्या मते ते आपल्या मुलखातले सगळ्यात मोठे मुसाफिर. नुसते फिरले म्हणून नव्हे, तर जिथे गेले तिथलं काहीतरी शिकून आले म्हणून. म्हैसूर-मद्रासकडे गेले तेव्हा कर्नाटक संगीत कान देऊन ऐकलं, तिथली सरगम आपल्या गाण्यात आणली आणि त्यागराजांची कृती स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केली. नामवंत उस्तादाला आपलं सोडून दुसऱ्याचं शिकायची काही गरज नव्हती.

त्याच काळात सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. पेन्शनीत माणसानं देवदर्शन करावं, नातवंडं खेळवावीत, असा रिवाज. देवलांच्या डोक्यात मात्र एक प्रश्न शिरला होता: जुन्या ग्रंथांतल्या बावीस श्रुती खरोखर कुठे आहेत? खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेच्या लांबीवर मोजून पाहायचा खटाटोप त्यांनी केला आणि १९१० साली श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक छापलं. क्लेमेंट्स नावाचा आयसीएस अधिकारी त्यांना येऊन मिळाला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतींवर कडाक्याचा वाद झाला आणि देवलांचं म्हणणं सगळ्यांनी काही मान्य केलं नाही. ते असो. मला त्या बैठकीचं मोल वाटतं. संस्कृत ग्रंथावर श्रद्धा असलेला एक ब्राह्मण पेन्शनर, पिढीजात विद्या असलेला एक मुसलमान गवई आणि एक इंग्रज अधिकारी, तिघं मिळून एका तारेवर वाकून बघत आहेत की स्वर नक्की कुठे आहे. कोण मूळचा कुठला, हा प्रश्न तिथे कुणाला सुचायला सवड तरी होती का?

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर उतरले आणि तिथेच त्यांचा इंतकाल झाला. कैरानाचा माणूस तमिळ मुलखातल्या स्टेशनवर गेला आणि मिरजेच्या मातीत पुरला गेला. अजूनही मीरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा होते. त्याच उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. मिरजेच्या लोकांना यात नवल वाटत नाही. मला वाटतं, थोडं नवल वाटून घ्यायला हवं. सवय झाली की माणूस बघायचं सोडतो, आणि बघायचं सोडलेली गोष्ट गेली तरी त्याच्या लक्षात येत नाही.

इब्न बतूता चौदाव्या शतकात दख्खनेत आला होता. आपल्या सातारा-सांगलीकडे तो फिरकला नाही, पण दौलताबाद आणि नंदुरबार त्यानं पाहिलं. दौलताबादेत द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, नंदुरबारचे मराठे कारागिरीत हुशार आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, ते भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी आंघोळ करतात, असं त्यानं सांगून ठेवलं. यातलं एकही नंदुरबारच्या माणसानं लिहिलं नसतं. आपण रोज काय जेवतो हे कोण लिहितं? ते लिहायला परका माणूस यावा लागला. कुराणही जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असं पुन्हा पुन्हा सुचवतं. अब्बा म्हणायचे, “फिरायला पैसा लागतो, पाहायला नाही.”

द्राक्षांवरून आठवलं. अब्बांच्या वहीत तासगावच्या बेदाण्यावर अख्खं पान आहे. ‘बेदाणा’ म्हणजे बिनबियांचा, शब्द फारसी. ज्या थॉमसन सीडलेस जातीवर आपला द्राक्षबागायतदार उभा राहिला, ती जात मूळची पश्चिम आशियाची, तिला नाव मिळालं कॅलिफोर्नियात. आणि तासगाव तालुक्यातल्या बोरगावात तिच्यातूनच ‘तास-ए-गणेश’ ही जात निघाली. इराण-तुर्कस्तानाकडचा वेल, अमेरिकी नाव, आणि शेवटी गणपतीचं नाव लावून तासगावचा झाला. त्या वेलाला कुणी ‘पण मूळचं गाव कुठलं’ विचारत नाही.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. चौकशीचा त्रास होतो म्हणून आम्ही स्वतःचीही चौकशी सोडून दिली. आमच्या घरात आजी सांगायची, आपले पूर्वज अरबस्तानातून घोड्यावर आले. मी बरीच वर्षं ते मानलं. पण आमचं आडनाव नदाफ. अरबीत नद्दाफ म्हणजे कापूस पिंजणारा. माझे आजोबा खांद्यावर पिंजण घेऊन तासगावच्या खेड्यांतून गाद्या भरत फिरले. त्या पिंजणाच्या तातीचा ‘टंण’ आवाज मला अजून ऐकू येतो. बागवान, अत्तार, तांबोळी, शिकलगार, मोमीन, ही आपली आडनावं म्हणजे धंद्यांची यादी आहे. मुलाणी तर गावगाड्याच्या बलुत्यातला. घोड्यावरून आलेलेही काही असतील, पण बहुतेकांचं मूळ याच काळ्या मातीत आहे. ते शोधण्यापेक्षा अरबस्तानाचा घोडा आम्हाला सोयीचा वाटला. मग कुणी ‘तुम्ही बाहेरचे’ म्हटलं की राग कशाला येतो? तो घोडा आम्हीच दारात बांधून ठेवला होता.

दुसरीकडेही तेच. इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं, त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलणं झालं. पण गावाचं जुनं जोडनाव उरुण-इस्लामपूर. त्यातल्या ‘उरुण’चा अर्थ काय, हे विचारणारा माणूस मला गाडीत अजून भेटलेला नाही. भांडायला निम्मं नाव पुरतं, समजून घ्यायला पूर्ण लागतं.

तर त्या दिवशी मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. म्हटलं, “मूळचं तासगाव तालुक्यातलं. आजोबा कापूस पिंजायचे. तुमच्याकडंही आले असतील गाद्या भरायला. तुमचं गाव कुठलं?”

गृहस्थ खानापूर तालुक्यातले निघाले. गलाईवाले. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळी रान मागे टाकून देशभर गेली आहेत, त्यातलंच त्यांचं घर. बाप तमिळनाडूत गेला, हे तिथेच वाढले. थोरला मुलगा अजून तिथेच. नातू घरात मराठी बोलतो आणि दारात तमिळ. “तिथं आमाला बी इचारत्यात,” ते हसून म्हणाले, “तुमी मूळचं कुठलं म्हणून.”

“मग काय सांगता?”

“काय सांगायचं? पन्नास वर्सं झाली. इथलंच म्हणतो. त्यांना पटत न्हाई.”

आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. मग त्यांनी पिशवीतून चिवडा काढला. पेठ नाका ते कराड आम्ही बोलतच होतो. तेजाब, मूस, भट्टी, सोन्याचा तुटीचा हिशेब, हे सगळं त्यांनी मला समजावलं. मी त्यांना कराडच्या मनोऱ्यांचं सांगितलं. अली आदिलशहाच्या काळातली मशीद, दोन्ही मनोरे सुमारे १०६ फूट. साडेचारशे वर्षांत कृष्णा-कोयनेचे किती पूर त्यांनी पाहिले असतील.

त्यांची लेक कराडला दिलेली. तिच्याकडेच निघाले होते. स्टँडवर उतरताना पिशवी सावरत म्हणाले, “वीस वर्सं येतोय कराडला. मनोरे लांबनं बघितल्यात, जवळ कदी गेलो न्हाई. आज नातवाला घिऊन जातो.”

साताऱ्याला पोचल्यावर मी अब्बांच्या वहीतलं एक कोरं पान उघडलं आणि तारीख घालून लिहिलं: खानापूरचे गलाईवाले, मूस, तेजाब, नातू तमिळ बोलतो. खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘उरुण’ म्हणजे काय, विचारायचं.