राजेवाडीचा तलाव नक्की कुणी बांधला?

परवा रविवारी भाच्याला घेऊन साताऱ्याहून दिघंचीला मावशीकडे निघालो होतो. पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड असा नेहमीचा रस्ता. म्हसवड मागं पडलं आणि देवापूरच्या बाजूला पाणी चमकायला लागलं. गाडी थांबवली, फोटो काढले (खाली टाकलेत, मोबाईलचेच आहेत, सांभाळून घ्या). भाचा सहावीत आहे. त्यानं विचारलं, "मामा, एवढा मोठा तलाव कुणी बांधला?" मी सवयीनं म्हटलं, "इंग्रजांनी." तो थोडा वेळ बांधाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे इंग्रज डोक्यावर माती वाहायचे?"

गाडी पुढं निघाली, पण मला काही उत्तर सुचेना. ही पोस्ट त्यातूनच लिहितोय. थोडी लांब झालीय.

माणदेश ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तर लोक म्हणतात, औंदा बरं साल हाय. घाटमाथ्यावरच ढग रिकामे होतात, इकडं नुसता वारा येतो. माणगंगा नदी नावाला गंगा, वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात फक्त वाळू. ही नदी म्हसवडवरून पुढं आटपाडी, सांगोल्याकडं जाते आणि भीमेला मिळते. तिच्यावरच हा तलाव आहे. माणची माणसं याला देवापूरचा म्हणतात, आटपाडीची राजेवाडीचा, आणि जुन्या सरकारी कागदात तो म्हसवडचा तलाव. एकाच पाण्याला तीन गावांची नावं. फुगवटा मुख्यतः सातारा जिल्ह्यात, आणि पाण्याची वाट बघणारं शिवार सांगली, सोलापुरात. यावरून दर दोन-चार वर्षांनी जे वाद होतात ते तुम्हाला ठाऊक आहेत, मी त्यात पडत नाही. एवढंच लक्षात ठेवा की तलाव आधीचा आणि जिल्ह्याची हद्द नंतरची. दक्षिण सातारा जिल्हा झाला १९४९ साली, त्याचं सांगली नाव झालं १९६० मध्ये. तलाव बांधला तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती.

आता तलावाबद्दलच्या गोष्टी. लहानपणी मावशीच्या घरी आम्हाला सांगायचे की हा राणीनं बांधला, राणी स्वतः घोड्यावर बसून बघायला आली होती. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानात कधी आलीच नाही, त्यामुळं घोड्याचा प्रश्न मिटला. दुसरी गोष्ट नरबळीची. बांध टिकेना, मग माणूस पुरला, मग टिकला. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या जुन्या बांधांबद्दल सांगतात, किल्ल्याच्या बुरुजांबद्दलही सांगतात. मी लहान असताना खूप घाबरायचो. आता वाटतं, एक माणूस पुरल्याची गोष्ट लोकांनी लक्षात ठेवली, आणि जी खरी हजारो माणसं या कामावर झिजली त्यांची गोष्ट मात्र विसरून गेले.

खरी गोष्ट अशी. १८७६ चा पाऊस गेला. सातारा, सोलापूर, विजापूर, सगळा दख्खन कोरडा. १८७६ ते ७८ हा दुष्काळ आपल्या भागातल्या सर्वात भयंकर दुष्काळांपैकी एक. सरकारनं दुष्काळी कामं काढली, त्यात माणगंगेवरचा हा तलाव होता. काम लांबत जाऊन १८८० च्या दशकात पुरं झालं. नेर आणि मायणीचे तलावही इंग्रजांच्या राजवटीतलेच. यातल्या कुठल्याही बांधावर उभं राहिलं तर साहेबानं आपल्यासाठी किती करून ठेवलं असं वाटतं. मलाही वाटायचं.

पण मजुरीचा हिशेब बघा. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लॉर्ड लिटननं मोठा दरबार भरवला आणि व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर केलं. राजेरजवाडे, हत्ती, मेजवान्या. त्याच जानेवारीत सर रिचर्ड टेंपल नावाचा बडा अधिकारी दुष्काळाचा खर्च आटोक्यात आणायला मद्रास आणि मुंबई इलाख्यात फिरत होता. हाच माणूस तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात सढळ हातानं धान्य वाटून बसला होता. तिथं माणसं फारशी मेली नाहीत, पण पैसा उधळला म्हणून त्यालाच बोल लागले. या खेपेला त्यानं ती चूक केली नाही. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर मीठ-मिरचीपुरते किरकोळ पैसे, एवढं पुरे, असं त्यानं ठरवलं. इतिहासात याला टेंपल वेतन म्हणतात.

एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मावशीला विचारलं, एवढ्या पिठाच्या भाकरी किती होतील? ती म्हणाली, "आमच्या हातच्या चार. लई तर पाच." दिवसभर खणायचं, पाट्या वाहायच्या, आणि रात्री चार भाकरी. कोरड्यास काय, ते विचारू नका. घरी म्हातारं माणूस किंवा अंगावरचं पोर असेल तर त्यातलीच मोडून द्यायची. तुरुंगातल्या कैद्याला यापेक्षा जास्त धान्य मिळतं, हे तेव्हाच्या टीकाकारांनीही सरकारला सुनावलं होतं.

आपली माणसं मात्र गप्प बसली नाहीत, आणि हे शाळेत कुणी शिकवलं नाही याचा मला राग येतो. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरून मजूर हजारोंच्या संख्येनं काम सोडून निघून गेले. घरी खायला दाणा नाही, तरी या मजुरीवर आणि दूरदूरच्या कामांवर राबणार नाही म्हणून. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. सार्वजनिक काका जोशी आणि रानडे यांची ही सभा. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारकडं अर्जांवर अर्ज धाडले. गांधीजी तेव्हा आठ वर्षांचेही नव्हते. राजेवाडीच्या कामावरून कोण उठलं, कोण राहिलं, हे मी ठामपणे सांगत नाही. पण ज्यांनी हा बांध घातला ती माणसं त्याच काळातली होती आणि तिचं पोटही त्याच मापानं मोजलं जात होतं.

आणि या टेंपल साहेबाचं पुढं काय झालं? १८७७ च्या मे महिन्यात तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला.

या रस्त्यावर त्या दुष्काळाला दिलेली आपल्या माणसांची उत्तरंही सापडतात, फक्त गाडी थोडी हळू चालवावी लागते. पुसेगावजवळ कटगुण आहे, जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचं गाव. त्याच दुष्काळात १८७७ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या पोरांसाठी अन्नछत्र चालवलं. त्याचं नाव व्हिक्टोरिया बालाश्रम! काय बोलणार आता. पुढं गोंदवले. तिथल्या महाराजांच्या चरित्रात सांगतात की दुष्काळात त्यांनी भुकेल्या लोकांना आपल्या शेतात काम दिलं आणि पोटभर जेवू घातलं. मोजून नव्हे, पोटभर. देवभक्ती हा ज्याचा त्याचा विषय, पण मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. म्हसवडला सिद्धनाथ. तुळशीच्या लग्नाच्या वेळी देवाचं लग्न लागतं आणि देवदिवाळीला रथ निघतो, गुलाल-खोबऱ्यानं गाव लाल होतं, चांगभलंच्या गजरात दुसरं काही ऐकू येत नाही. या म्हसवडला दुष्काळाच्या वर्षी जनावरांच्या छावण्याही बघितल्यात आम्ही. खिलार बैल दावणीला, बाजूला टँकरची रांग, आणि चाऱ्याच्या पेंढीवर झोपलेली म्हातारी माणसं.

१९७२ चा दुष्काळ तर आमच्या घरातला. आई सांगते, ती लग्न होऊन आली आणि पहिल्याच वर्षी नालाबांधाच्या कामावर गेली. खडी फोडायची, पाट्या वाहायच्या, दुपारी सुकडी मिळायची. सुकडीची चव तिला अजून आठवते आणि अजून आवडत नाही. पण १८७६ आणि १९७२ मध्ये एक फरक होता. बाहत्तर साली लोक कामाची भीक मागत नव्हते, मोर्चे काढून काम मागत होते, आणि सरकारला ते द्यावं लागत होतं. त्यामागं आपल्याच भागातला एक माणूस आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती होते. जो कष्ट करायला तयार आहे त्याला काम मिळालंच पाहिजे, ही त्यांची कल्पना. १९६५ साली तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातच झाला. पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला. २००५ ला दिल्लीत देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं मूळ हेच. टेंपल वेतन १८७७ चं, आपला कायदा १९७७ चा. मधे बरोबर शंभर वर्षं. पागेंच्या डोक्यात ही तारीख नसणार, पण या भागाला ती सोसावी लागली होती.

रोजगार हमीत पुढं काय काय घोटाळे झाले, कागदावरचे मजूर, कागदावरच्या विहिरी, ते मला शिकवू नका. मी याच तालुक्यांत वाढलोय.

हल्ली टेंभूचं कृष्णेचं पाणी आटपाडीत आलंय, जिहे-कठापूरचं माणमध्ये आलंय. डाळिंबाच्या बागा दिसतात, पूर्वी नुसता कुसळ्यांचा माळ असायचा. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली माणसं गावात बंगले बांधतायत. चांगलं आहे. पण म्हसवडकडून राजेवाडीपर्यंत या तलावाच्या कडेनं आम्ही गेलो, तेव्हा हा तलाव कधीचा, कोणत्या दुष्काळात झाला, कुणी किती मजुरीवर बांधला, हे सांगणारी एक पाटी आम्हाला दिसली नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स दिसले. पाटबंधारे खातं असो, दोन्हीकडच्या पंचायत समित्या असोत, नाहीतर आपणच वर्गणी काढू, पण दोन्ही टोकांना एकेक दगड उभा राहायला पाहिजे. वर नाव कुणाचं घालायचं यावर भांडण नको, कारण नावं शिल्लकच नाहीत. मजुरीचा आकडा कोरा. एक पौंड.

मावशीकडं जेवून आटपाडीपर्यंत गेलो, कारण भाच्याला आणखी एक जागा दाखवायची होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपल्या प्रजेला राज्यकारभार देऊन टाकला, आणि त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या कल्पनेतून ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी, पण भिंत नाही, बेड्या नाहीत, बायकापोरांसह राहायचं आणि शेती करायची. आजही ती खुली वसाहत म्हणून चालू आहे. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा शांतारामबापूंचा सिनेमा यावरूनच सुचलेला, आणि त्याची कथा लिहिणारे गदिमा याच मातीतले, माडगूळचे.

भाच्यानं रस्त्यावरूनच शेताकडं बघितलं. एक माणूस पाटाला दारं धरत होता. त्यानं हात केला, आम्हीही केला. "मामा, हे कैदी?" म्हटलं, "हो." मग परतीच्या वाटेवर, राजेवाडी ओलांडताना, त्यानं पुन्हा तलावाकडं बघितलं आणि विचारलं, "आणि ते मोकळे होते?"