कासेंतील प्रथिन आणि कमलाबाई भागवत

सोलापूरच्या उन्हाळ्यांत दूध नासलें कीं गृहिणी चुटपुटते. परंतु त्या पातेल्यांत रसायनशास्त्राचा एक धडाच उघडलेला असतो. आंबटपणा वाढतांच जो पांढरा चोथा वेगळा होतो, त्यांतलें मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. गाईच्या दुधांतील सुमारें ८० टक्के प्रथिन याच जातीचें. तें रक्तांतून आयतें येत नाहीं. कासेंतील पेशी रक्तांतल्या अमिनो आम्लांपासून तें घडवितात. प्रयोगशाळेंत साय काढलेल्या दुधांत जपून आम्ल घालीत पीएच ४.६ पर्यंत आणलें म्हणजे केसीन खालीं बसतें. मग तें गाळावें, धुवावें, पुन्हां विरघळवून शुद्ध करावें. निवळींत दुसरीं प्रथिनें उरतातच.

दुधांतील प्रथिनांचा अभ्यास पुढें ज्यांनीं केला, त्या कमला भागवत (नंतरच्या सोहोनी) यांस १९३३ सालीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें प्रवेश नाकारला. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी.त त्या पहिल्या आलेल्या; वडील व चुलते त्याच संस्थेंत शिकलेले. तरी संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांस स्त्री विद्यार्थिनी नको होती. १९३० सालचें नोबेल पारितोषिक मिळविणारी सूक्ष्म दृष्टि येथें मात्र कमी पडली! कमलाबाई हटल्या नाहींत. अखेर अटी पडल्या : पहिलें वर्ष परीक्षेचें, मार्गदर्शक सांगतील तर रात्रींही काम, आणि रामन यांचें समाधान होईपर्यंत त्या कामास मान्यता नाहीं.

श्रीनिवासय्यांच्या हाताखालीं त्यांनीं दूध, डाळी व कडधान्यें यांतील प्रथिनें अभ्यासिलीं आणि १९३६ सालीं एम्. एस्‌सी. मिळविली. त्यानंतर संस्थेंत स्त्रियांस प्रवेश मिळूं लागला. १९३९ सालीं केंब्रिजची पीएच्. डी. झाली. पुढें मुंबईच्या आरे दुग्धप्रकल्पास दुधाचा दर्जा सुधारण्याविषयीं सल्ला देणाऱ्यांत कमलाबाई होत्या.