हद्दपारी म्हणजे शिक्षा नव्हे

अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणाऱ्या माणसाला न्यायालयाने कैद सुनावली, तर ती शिक्षा. पण त्याच गुन्ह्यापायी त्याला घरदार सोडून कायमचे देशाबाहेर जावे लागले, तर ती कायद्याच्या लेखी शिक्षा नाही. हा शब्दच्छल १८९३ इतका जुना आहे.

१८९२च्या गिअरी कायद्याने चिनी मजुरांना रहिवासाचा दाखला सक्तीचा केला. दाखला नसेल, तर आपण आधीपासून इथलेच रहिवासी आहोत हे सांगायला किमान एक गोरा साक्षीदार हवा! फाँग युए टिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, हद्दपारी ही शिक्षा नाही, सबब ज्यूरी नको.

त्याच कायद्यात हद्दपारीआधी वर्षभरापर्यंत सक्तमजुरीचीही तरतूद होती. डेट्रॉइटमध्ये वाँग विंग आणि आणखी तिघांना एका कमिशनरने परस्पर ६० दिवसांची सक्तमजुरी दिली. ज्यूरी नाही, आरोपपत्र नाही. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली: सक्तमजुरी ही शिक्षाच, आणि ती द्यायची तर परकीयावरही रीतसर खटला चालवा. निकाल मोठाच. पण हद्दपार करण्यापुरते कोंडून ठेवायला हरकत नाही, असेही त्यातच म्हटले आहे.

मग १९२९ मध्ये काँग्रेसने बेकायदा प्रवेश हाच गुन्हा ठरवला. रोख मेक्सिकन मजुरांवर होता. १९९६च्या कायद्याने उलट बाजूने गाठ मारली. चोरीसाठी वर्षभराची कैद सुनावली आणि ती पूर्ण स्थगित केली, तरी तो ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’. एक दिवसही तुरुंग न पाहिलेला माणूस हद्दपारीस पात्र!

होजे पादिया व्हिएतनाम युद्धात लढलेला, चाळीस वर्षे कायदेशीर रहिवासी, व्यवसायाने ट्रकचालक. केंटकीत गांजा वाहून नेल्याच्या आरोपात वकील त्याला म्हणाला, इतकी वर्षे इथे आहेस, काळजी नको. त्याने गुन्हा कबूल केला, आणि त्या कबुलीने हद्दपारी जवळजवळ अटळ झाली. असा धोका वकिलाने अशिलाला सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले. हद्दपारी हा अतिशय कठोर दंड आहे हेही मान्य केले. काटेकोर अर्थाने ती फौजदारी शिक्षा मात्र नव्हे, ही पुस्ती जोडूनच.

आपल्या मंडळींत दुकानातल्या किरकोळ चोरीच्या प्रकरणात ‘कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो’ असा सल्ला सर्रास दिला जातो. नागरिकाला तो कदाचित परवडेल. ग्रीन कार्डवाल्याला किंवा एच-१बी वाल्याला पुढे इमिग्रेशन न्यायालयात उभे राहावे लागू शकते, आणि तिथे खटला शिक्षेचा नसल्यामुळे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही.