शेवरोले बीट नॉचबॅक

जनरल मोटर्सची चार दरवाजांची छोटी सेडान. मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे परिसरात, तळेगाव एमआयडीसीतील कारखान्यात २०१७ पासून उत्पादन. बीट हॅचबॅकला मागे डिकी जोडून ती तयार झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत ती ‘एसेन्शिया’ नावाने मांडली गेली. मात्र मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री बंद करण्याचे जाहीर केले आणि ही गाडी देशी शोरूमपर्यंत पोहोचलीच नाही. ती मेक्सिकोसह लॅटिन अमेरिकेत गेली.

भारतात चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला करसवलत मिळते. आखूड, काहीशी खुडल्यासारखी दिसणारी तिची डिकी हा त्याच हिशेबाचा परिणाम. म्हणजे अंगरखा इथल्या मापाने बेतलेला आणि घालणारा मेक्सिकोचा! तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यासाठी स्टिअरिंग डावीकडे घ्यायचे, तर डॅशबोर्ड आणि पेडल बदलावे लागतात, वायपरची झाडण्याची दिशा उलटते. हेडलाइटचा झोतही फिरवावा लागतो, नाहीतर तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर येतो.

डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन थांबले. ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्रीचा करार २०२२ मध्ये बारगळला. त्यानंतर कारखाना ह्युंदाईने घेतला.